मोड

देवळालीहून रिक्षा करून आलेल्या आलामाय भेसानिया
काउंटरवर हिरव्या बनातीची वळकटी ठेवतात.
नाडी सोडायला त्यांना फार वेळ लागतो,
मी हात लावत नाही.

आत खण शिवलेले. एकेका खणात एकेक जण झोपलेला.

शेठ चष्मा कपाळावर नेतात.
‘हे काय, उलथणं?’
‘मच्छी वाढायचं.’
शेठ हात मागे घेतात, मग पुन्हा पुढे करतात.
चांदीला विटाळ नसतो, असं पुटपुटतात,
मला ऐकू जाईल एवढ्यानं.

रुंद पातं, वेलबुट्टीची जाळी कापलेली,
पाणी गळून जावं, मासा राहावा अशी.
आमच्या घरी याला झारा म्हणतील.
आणि सराफ बाजारात गटारीच्या तोंडाशी
पहाटे आमची धूळ धुणारा, तो झारेकरी.
दोघांचंही पोट भोकांवर.

मग दोन्हीकडे चोच असलेली सॉसची पळी.
साखरेचा चिमटा, टोकाला पाखराचे पंजे.
आणि एक लांब, अरुंद, पन्हळीसारखं काहीतरी.
‘नळीतला मगज काढायला,’ आलामाय सांगतात.
हे आपण ऐकलंच नाही, असं शेठ ठरवतात.

मी भिंग लावतो.
दांड्याच्या पाठीवर ओळीनं ठसे:
एक मुंडकं, एक अक्षर,
कारागिराची दोन अक्षरं, झिजून दीड उरलेली,
आणि तांदळाच्या कणीएवढा सिंह,
चालता, पुढचा एक पाय उचललेला.
कणीएवढ्या सिंहाला
नखंसुद्धा आहेत.
ज्यानं हा ठसा कोरला त्याची नजर
चाळिशीच्या आतच गेली असणार.
माझी चालली आहे.

दर्शनी बाजूला मात्र ठसठशीत एच आणि डब्ल्यू,
एकमेकांच्या गळ्यात पडलेले.
‘तुमच्या घरचे?’
‘ना रे. कॅम्प खाली झाला तेव्हा
बावाजींनी लिलावात घेतला, पेटीसकट.
कोण साहेब, कुठला, कुणाला माहीत!
दर नवरोजला आम्ही सगळ्या बहिणी
परक्या माणसाचं नाव घासत बसायचो.’
थोडं थांबून म्हणतात,
‘चमकतं पण किती, बघ.’

सहाशे बारा ग्रॅम.
शेठ पावतीवर लिहितात: जुनी मोड, टच साडेबाण्णव.
मासा, सॉस, साखर, मगज, एच, डब्ल्यू,
सगळे एका शब्दात मावले.

आलामाय पैसे मोजत नाहीत.
बनात तेवढी मागून घेतात,
रिकाम्या खणांवरून हात फिरवतात, गुंडाळतात.
या वेळी गाठ झटकन बसते.

शेठ पाणी प्यायला मागे गेले, तेवढ्यात
मी चपड्याची लाख दिव्यावर धरून
सिंह दाबून घेतला.
वजनात फरक पडला नाही. पुन्हा तोलून पाहिलं.

संध्याकाळी मूस, कोळसा, चिमूटभर टाकणखार.
आधी चिमटा गेला. पन्हळ गेली.
रुंद पातं बराच वेळ उभं होतं,
मग गुडघ्यातून वाकल्यासारखं खाली बसलं.
सिंह कधी गेला ते दिसलं नाही,
एवढंसं जनावर.

त्या लगडीतून पंचवटीतल्या कुणाचं ताम्हण झालं,
आचमनाची पळी, बाळाचे वाळे दोन जोड,
उरलेल्यात एक अत्तरदाणी.
ठसा शेठच्या पेढीचा.
माझं अक्षर कशावरच नसतं,
घासायचं म्हटलं तरी कुणाला सापडणार नाही.

लाखेचा तुकडा माझ्या खणात आहे, कानशींच्या खाली.
ठशात तो डावीकडे निघाला होता,
लाखेत उजवीकडे वळला.
परवा पंखा बंद होता, पत्रा तापला, लाख मऊ पडली.
आज भिंगातून पाहिलं:
नखं गेली आहेत.
आणि उचललेला पाय
त्यानं खाली टेकवला आहे.